‘जाता जाता ब्राझील करून ये’ : अमेरिका खंडांच्या पहिल्या कामकाजी दौऱ्यासाठी

भोसरीच्या आमच्या कंपनीतून माझा पहिला दौरा निघाला तेव्हा साहेबांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट फिरवून सांगितलं, "शिकागो झालं की मेक्सिको, आणि मग जाता जाता ब्राझील करून ये." नकाशावर ते अंतर वीतभर होतं. प्रत्यक्षात न्यूयॉर्क ते साओ पावलो हे मुंबई ते लंडनपेक्षा लांब आहे, दहा तासांच्या आसपासचं विमान. त्या दौऱ्यात अकरा दिवसांत चार देश ‘केले’, आणि शेवटच्या मीटिंगमध्ये माझ्याच कॅटलॉगमधला पार्ट नंबर मला आठवेना.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. आता ऑफिसातली नवी मुलं निघाली की माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो ते इथे लिहितो आहे, ज्या क्रमाने कामं करायची साधारण त्याच क्रमाने.

आधी मार्ग ठरवा, मग मीटिंगा

आपण उलटं करतो. मीटिंगा मिळतील तशा घेतो आणि मग ट्रॅव्हल एजंटच्या डोक्यावर मिरी वाटतो. एका दौऱ्यात दोन देश, फार तर तीन. अमेरिका आणि मेक्सिको ही जोडी जमते. ब्राझील, अर्जेंटिना, चिली ही दुसरी. सांतियागो ते बुएनोस आयरेस दोन तासांचं विमान आहे, खिडकीतून अँडीज पर्वत दिसतो तो फुकट. ही दुसरी जोडी करायला अमेरिकेला शिवायचीही गरज नाही. दुबई, दोहा, इस्तंबूल, अदिस अबाबा या सगळ्या ठिकाणांहून साओ पावलोला विमानं जातात. लॅटिन अमेरिकेतल्या लॅटिन अमेरिकेत फिरायचं असेल तर पनामाचं तोकुमेन विमानतळ म्हणजे आपलं दादर समजा, सगळीकडची गाडी तिथे बदलता येते.

अमेरिकेतून ‘फक्त विमान बदलतोय’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळक अक्षरात लिहावीशी वाटते. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन करायचं, साधारणपणे बॅगा स्वतः पट्ट्यावरून उचलायच्या, कस्टम्समधून काढून पुन्हा द्यायच्या. याला तीन तास धरा. दीड तासाचं कनेक्शन दाखवणाऱ्या एजंटला नम्रपणे नाही म्हणा.

तारखा बघताना तिथलं कॅलेंडर उघडा. ब्राझीलमध्ये कार्निव्हल संपेपर्यंत वर्ष खऱ्या अर्थाने सुरूच होत नाही, असं तिथले लोकच हसत सांगतात. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे दक्षिणेत उन्हाळ्याची सुट्टी, आपल्या मे महिन्यासारखी. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, तो अख्खा आठवडा सोडून द्या. मेक्सिकोत ईस्टरच्या आधीचा आठवडा. सप्टेंबरात ७ तारखेला ब्राझील, १६ ला मेक्सिको आणि १८-१९ ला चिली बंद. आणि जुलैत बुएनोस आयरेसला जाताना स्वेटर घ्या, तिकडे तेव्हा थंडी असते. आमच्यातला एक जण अर्ध्या बाह्यांचे शर्ट घेऊन गेला होता.

व्हिसा : एका दगडात जमतील तेवढे पक्षी

पहिला व्हिसा अमेरिकेचा काढा, लगेच जायचं नसलं तरी. बी-१/बी-२, म्हणजे व्यावसायिक भेटी आणि पर्यटनाचा; बहुधा दहा वर्षांचा मिळतो. डीएस-१६० फॉर्म भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे, मग बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख मिळायलाच इतका वेळ लागू शकतो की साहेबांनी नकाशाला बोट लावण्याच्या आधी अर्ज गेलेला बरा.

हा व्हिसा एवढा महत्त्वाचा का, तर चालू अमेरिकन व्हिसा असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिको, कोलंबिया, पेरू आणि चिली थोड्या दिवसांच्या भेटीसाठी वेगळा व्हिसा मागत नाहीत. काही देशांना तो व्हिसा पुढे किमान सहा महिने चालू असायला हवा असतो. ब्राझीलचा मात्र वेगळा काढावा लागतो, कॅनडाचाही. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून दर दौऱ्याआधी त्या त्या देशाच्या वकिलातीचं पान उघडून बघायचं. मित्राचा अनुभव हा पुरावा नव्हे, माझाही नव्हे.

पिवळ्या तापाची लस

हे प्रकरण लोक हमखास विसरतात, कारण ते जाताना नाही, येताना अडवतं. ब्राझील, कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना अशा देशांतून भारतात परतणाऱ्याला पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात, सहा दिवसांपर्यंत. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, गल्लीतल्या डॉक्टरांकडची चालत नाही. घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी धावून उपयोग नाही. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

कागद : इथे सर्वांत जास्त पैसे जातात

विमान चुकलं तर काही हजार जातात. कोटेशन चुकीचं वाचलं गेलं तर ऑर्डर जाते. म्हणून या पायरीवर जरा थांबतो.

तारीख. ०४/०५ म्हणजे आपली ४ मे, अमेरिकन माणसाचा ५ एप्रिल. आमचं एक कोटेशन त्याच्या लेखी मी तिथे पोचायच्या आधीच मुदत संपलेलं होतं. आता मी महिना अक्षरात लिहितो, सगळीकडे.

आकडे. आपला १,२५,००० हा स्वल्पविराम अमेरिकनाला टायपिंगची चूक वाटते, १२५,००० लिहा. ब्राझील आणि अर्जेंटिनात तर टिंब आणि स्वल्पविराम यांची अदलाबदल असते, तिथे १.२५० म्हणजे साडेबाराशे. सव्वा डॉलरचा वॉशर कुणाला साडेबाराशेला वाटू नये म्हणून सोबत अक्षरी रक्कम द्या. चलनही पूर्ण लिहा. ‘$’ ही खूण मेक्सिको, कोलंबिया, चिली, अर्जेंटिना या सगळ्यांच्या पेसोलाही लावतात. सांतियागोत कॉफीच्या पाटीवर हजारांतला आकडा आणि त्याच्या आधी ही खूण बघून मी पहिल्यांदा उलट्या पावली बाहेर आलो होतो.

ड्रॉइंग. इंजिनिअरिंगवाल्यांनो, वस्तूच्या वेगवेगळ्या बाजू कागदावर मांडायची फर्स्ट अँगल पद्धत आपण कॉलेजात शिकलो, अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. कोपऱ्यातलं ते कापलेल्या शंकूचं चिन्ह न बघता कुणी पार्ट केला तर भोक डावीकडचं उजवीकडे जातं. तिकडे नेणारी ड्रॉइंगं थर्ड अँगलमध्ये, इंच आणि मिलिमीटर दोन्ही देऊन काढून घ्या. आणि त्यांचा कागद ए-४ नसतो, लेटर असतो, थोडा रुंद आणि आखूड. तिथे प्रिंट काढली की आपल्या पानाची खालची ओळ छाटली जाते, आणि नेमकी त्याच ओळीत पेमेंटची अट असते.

किमती सॅम्पल नेत असाल तर एटीए कार्ने नावाचं कागदपत्र विचारा. आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. माल तात्पुरता नेऊन परत आणायचा असेल तर ड्यूटी भरावी लागत नाही. अमेरिका आणि मेक्सिकोत ते चालतं.

तुमचं नाव काय?

मेक्सिकोतल्या केरेतारोला, हॉटेलात, रात्री अकरा वाजता पोचलो. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट बघते, कॉम्प्युटर बघते, मान हलवते. बुकिंगच नाही. वीस मिनिटांनी तिचा चेहरा उजळला. "आह, सेन्योर दत्तात्रय!"

दत्तात्रय माझे वडील.

झालं असं की स्पॅनिश पद्धतीत नावापुढे आधी वडिलांचं आडनाव, मग आईचं. हाक मारायची ती पहिल्या आडनावाने. ‘गार्सिया लोपेस’ असेल तर ते मिस्टर गार्सिया, लोपेस नव्हेत. आपलं नाव स्वतःचं, वडिलांचं, आडनाव असं तीन मजली. त्यांनी सरळ मधला मजला आडनाव म्हणून धरला. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या ड्रायव्हरच्या हातातही तीच पाटी. आयुष्यात मुंबईच्या पलीकडे न गेलेल्या माझ्या वडिलांच्या नावाची पाटी मेक्सिकोत झळकत होती, मी तिचा फोटो काढून घरी पाठवला. तुम्ही मात्र बुकिंग आणि आमंत्रणपत्र पासपोर्टप्रमाणेच करा, आणि काउंटरवर नाव सापडेना तर आधी वडिलांच्या नावाने शोधायला सांगा. ब्राझीलमध्ये क्रम पुन्हा उलटा, तिथे वडिलांचं आडनाव शेवटी येतं. पण ते लोक पहिल्या नावावर इतक्या लवकर येतात की अडत नाही.

मेक्सिकोत इंजिनिअरला ‘इन्हेनिएरो’ म्हणून हाक मारतात, आपण ‘डॉक्टर’ म्हणतो तशी. चार वर्षं घासून मिळवलेल्या पदवीला इतका मान मला घरी कधी मिळाला नाही.

बॅग

विजेचं आधी. अमेरिका, मेक्सिको, कोलंबियात ११० ते १२७ व्होल्ट आणि चपट्या पिना. अर्जेंटिना, चिली, पेरूत २२०. ब्राझीलमध्ये शहर बदललं की व्होल्टेज बदलू शकतं, हॉटेलात विचारूनच लावा. अर्जेंटिनाच्या पिना तिरक्या, चिलीच्या तीन गोल आणि एका ओळीत. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरला काही होत नाही. पण आपली छोटी किटली शिकागोत लावली तर चहा होईपर्यंत मीटिंग संपेल, ताकद पावपटीवर येते. डेमोची मोटर नेत असाल तर हर्ट्झही बघा : अमेरिका आणि ब्राझील ६०, अर्जेंटिना आणि चिली ५०.

खाऊ. घरून लाडू, चटणी, मेतकूट, थेपले यांची एक पिशवी होतेच, मी नको म्हणणार नाही. पण चिलीत उतरताना जे जाहीरनाम्याचं पत्रक भरायचं असतं ते गंमत नाही. तिथलं शेतीखातं, एसएजी, बिया, फळं, मध, दुधाचे पदार्थ यांबाबत फार कडक आहे. एकच नियम : शंका असेल तिथे ‘हो’ वर खूण करा. मी ‘हो’ केलं. बाईंनी टेबलावर सगळ्या पुड्या मांडल्या, शेंगदाण्याच्या चटणीचा वास घेतला, भुवया उंचावल्या, ती परत दिली, आणि न भाजलेले तीळ बाजूला काढले. पाच मिनिटांत बाहेर. शेजारच्या रांगेतला एक गृहस्थ ‘नाही’ म्हणून बसला होता आणि त्याच्या बॅगेतून सफरचंद निघालं. तो दंडाच्या कागदावर सही करत होता.

इमिग्रेशनच्या खिडकीपाशी

आपण घरी म्हणतो, "कामासाठी चाललोय." ते तसंच इंग्रजीत केलं की ‘वर्क’ होतं, आणि बी-१ वर वर्क करायला परवानगी नाही. तुम्ही मीटिंगसाठी, प्रदर्शनासाठी, बोलणी करायला आला आहात; तेच शब्द वापरा. कोणाला भेटणार, किती दिवस, कुठे राहणार, खर्च कोण करतंय, परतीचं तिकीट कधीचं : या पाचांची उत्तरं एका वाक्यात द्या आणि थांबा. विचारलं नाही ते सांगायची आपल्याला फार हौस. मेक्सिकोत आमंत्रणपत्र स्पॅनिशमध्ये असू द्या, खाली उचलला जाईल असा फोन नंबर.

उतरल्यावरचे पहिले चोवीस तास

बोगोता २,६०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे कळसूबाईच्या टोकावर उभं राहून आणखी जवळजवळ हजार मीटर चढायचं आणि तिथे सूट घालून प्रेझेंटेशन द्यायचं. मी लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढून गेलो आणि पहिली स्लाइड नुसती बोटाने दाखवली, आवाजच फुटेना. मेक्सिको सिटीही २,२४० मीटर. पहिल्या दिवशी मीटिंग ठेवू नका, दारू नको, जेवण हलकं, पाणी भरपूर. पेरू-बोलिव्हियात कोकाच्या पानांचा चहा सहज पुढे करतात. तिथे तो कायदेशीर आहे, पण त्याची पाकिटं अमेरिकेत नेता येत नाहीत, आणि कंपनीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर तो पिऊच नका.

कार्डाच्या मशीनवर ‘रुपयांत भरायचे की स्थानिक चलनात’ असं आलं की स्थानिक निवडा, रुपयांचा दर मशीनवाल्याचा असतो. अमेरिकेत हॉटेलातल्या जेवणावर टॅक्स वेगळा आणि वर १८ ते २० टक्के टिप. ती भत्त्याच्या हिशेबात आधीच धरा, नंतर अकाउंट्स ऐकत नाही. ब्राझीलमध्ये १० टक्के बहुधा बिलातच असतात. तिथला दुकानदार ‘सीपीएफ’ विचारतो, तो त्यांचा करदात्याचा नंबर, आपण ‘नाऊं’ म्हणायचं. त्यांचं पिक्स म्हणजे आपलं यूपीआयच, २०२० च्या नोव्हेंबरात सुरू झालं आणि चणेवाल्यापर्यंत पोचलं. पण पाहुण्याच्या हाती ते सहसा लागत नाही, म्हणून थोडी रोकड ठेवा.

साओ पावलोत रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाइल बघू नका. गाडी आत लॉबीत बसून बोलवा. एवढं पाळलं की निम्मी भीती गेली.

मीटिंग

अमेरिकेत दहा म्हणजे नऊ अठ्ठावन्न. हवापाण्याच्या दोन वाक्यांनंतर थेट किंमत, आणि संध्याकाळपर्यंत ठरल्या गोष्टींची मेल. "आपण एकदा जेवायला भेटू या" हे आमंत्रण नसतं, तारीख विचारून त्यांना अवघडवू नका.

रिओ ग्रांदे नदीच्या दक्षिणेला घड्याळ सैल होतं. मेक्सिकोत ‘आओरिता’ म्हणजे शब्दशः आत्ता, व्यवहारात आत्तापासून कधीही. आपण ‘येतो’ म्हणून निघून जातो, त्यामुळे आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. तिथे आधी घरची चौकशी होते, मुलं किती, आई कशी आहे. हा वेळ वाया गेला असं मानून मी पहिल्या दोन मीटिंगा घाईत उरकल्या आणि दोन्हीतून काही निघालं नाही. बोगोतात सकाळी नऊला ‘तिंतो’ घेणार का विचारतील. इतर स्पॅनिश देशांत त्याचा अर्थ लाल वाइन, तिथे साधी काळी कॉफी. ब्राझीलमध्ये अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘मस्त’ची खूण करू नका, ती शिवी आहे, अंगठा वर करा. आणि ब्राझीलमध्ये स्पॅनिश झाडू नका, त्यांची भाषा पोर्तुगीज.

स्वतःची ओळख ‘सोय दे ला इंदिया’, मी भारतातला, अशी द्या. ‘इंदिओ’ हा शब्द तिथल्या मूळ रहिवाशांसाठी आहे आणि तो हिणवायलाही वापरतात. स्वतःला ‘अमेरिकन’ फक्त अमेरिकेनेच म्हणवून घ्यावं हेही तिकडे अनेकांना खटकतं, त्या देशाला ‘एस्तादोस उनिदोस’ म्हणा.

गप्पांना विषय सापडेना तर खिडकीबाहेर बघा. लिमाच्या कडेच्या वस्त्यांत तीनचाकी ‘तोरितो’ धावतात, ते आपले बजाजच. बोगोताच्या सिग्नलला पल्सर उभी असते. बजाजचा तर २०२४ पासून ब्राझीलमध्ये मनाउसला कारखानाच आहे. "ही कंपनी माझ्या घराजवळची" एवढ्या वाक्यावर माझी एक अवघड मीटिंग सुटली आहे.

शाकाहाऱ्यांसाठी, आणि आपल्या जिभेसाठी

‘मांस नको’ म्हटलं की चिकन येतं, चिकन नको म्हटलं की मासा, तोही नको म्हटलं की हॅमचे तुकडे घातलेलं सॅलड, कारण हॅम त्यांच्या हिशेबी मांसात मोजत नाहीत. पूर्ण यादी पाठ करा : ‘नी कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन’. मेक्सिकोत घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, ‘मांतेका’ आहे का विचारा. तिथली भोपळ्याच्या फुलांची केसादिया मागा, तव्यावर मक्याची ताजी पोळी भाजताना बघून भाकरीची आठवण येते. दुपारचं जेवण दोननंतर असतं, सकाळी नीट खाऊन निघा. बुएनोस आयरेसला रात्री नऊच्या आत हॉटेलं रिकामी असतात. तिथल्या पिझ्झाच्या दुकानात ‘फाइना’ मिळते, हरभऱ्याच्या पिठाची जाड पोळी, आपल्या बेसनाच्या पोळ्याची चुलत बहीण. ब्राझीलमध्ये ‘पोर किलो’ची पाटी शोधा. हवं ते ताटात घ्यायचं, वजन करायचं, पैसे द्यायचे. भात, भाज्या, कंद सगळं मिळतं, फक्त काळ्या घेवड्यात काय शिजलंय ते विचारा.

आणि एकादशीला तिकडे असाल तर उपासाची चिंता नको. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, साबुदाण्याचा कंद, सगळ्यांचं माहेर अमेरिका खंडच. उत्तर-पूर्व ब्राझीलची तापिओका, त्याच कंदाच्या पिठाची पांढरी घडी, मी नारळ घालून खाल्ली आणि उपास मोडला असं आजीलाही म्हणता आलं नसतं. काजूही तिथलाच, पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेला. तिथे बोंडूचा रस सरळ ग्लासात मिळतो.

पोर्तुगीज ऐकताना कान उघडे ठेवा. पाव, बटाटा, चावी, घमेलं, लिलाव हे आपले शब्द तिकडून आले आहेत. काउंटरवर मुलगी ‘पगार’ म्हणाली की हुरळून जाऊ नका, तिथे त्याचा अर्थ पैसे देणं.

परतताना

लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टच्या कव्हरात ठेवा, चेक-इन बॅगेत नाही. मुंबईला आरोग्य खात्याचं टेबल इमिग्रेशनच्या आधी लागतं आणि बॅगांचा पट्टा नंतर. तिथे उभं राहून "साहेब, कार्ड बॅगेत आहे, बॅग पट्ट्यावर आहे" असं सांगणारा एक जण मी जवळून पाहिला आहे. तो आमच्याच कंपनीचा होता.